डोळा लाल झालाय? थेंब घालण्याआधी हे तपासा

डोळा लाल झाला, चुरचुरायला लागला की घरात पहिली शोधाशोध होते ती जुन्या ड्रॉप्सच्या बाटलीची. मागे कुणाचे तरी डोळे आले होते तेव्हा आणलेली, अर्धी उरलेली, औषधांच्या डब्यात पडून असलेली. दोन थेंब घालतात, बरं वाटतं, विषय संपतो. बहुतेक वेळा हे खपूनही जातं, कारण डोळ्यांचे साधे संसर्ग औषध घाला किंवा न घाला, आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप आवरतात. पंचाईत होते ती उरलेल्या वेळी. त्याच लालीमागे कधी बुबुळावरची जखम असते, कधी हर्पिसचा विषाणू असतो. अशा वेळी त्या जुन्या बाटलीत स्टिरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध, निघालं, तर नजर कायमची अधू होऊ शकते.

म्हणून औषधांच्या नावांआधी आजाराची ओळख. लाली किती आहे यावरून फारसं काही कळत नाही. भडक लाल डोळा अगदी निरुपद्रवी असू शकतो आणि जेमतेम गुलाबी डोळा गंभीर असू शकतो. ठरवायचं ते तीन प्रश्नांवरून: दिसणं कमी झालंय का, डोळा ठणकतोय का, उजेड सहन होतोय का?

आधी पाच मिनिटं आरशासमोर

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर पहिल्यांदा ती काढा. टाकू नका, डबीसकट बाजूला ठेवा. पुढे तपासणीला लागू शकते. मग साबणाने हात धुऊन खिडकीजवळ किंवा चांगल्या दिव्याखाली बसा.

एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने समोरच्या कॅलेंडरवरची अक्षरं वाचा. मग डोळा बदला. नेहमीचा चष्मा असेल तर तो लावूनच वाचायचं. लाल डोळ्याने अक्षरं अंधूक दिसली तर पापण्यांची दोन-चारदा उघडझाप करा. त्याने अक्षरं स्वच्छ झाली, तर मध्ये चिकट स्राव आला होता एवढंच. तरीही अंधूकच दिसत असेल तर ही घरी निस्तरायची गोष्ट नाही.

आता आरशात बघा. पांढऱ्या भागाच्या कडेला आणि पापणीच्या आत लाली जास्त असेल, तर बाहेरच्या पातळ पडद्याचा दाह असण्याची शक्यता अधिक. बुबुळाभोवती गोल कडं केल्यासारखी लाली असेल, तर त्रास आत आहे. बुबुळावर पांढुरका किंवा करडा ठिपका दिसतोय का? दोन्ही बाहुल्या (बुबुळाच्या मधोमधचे काळे गोल) सारख्याच आकाराच्या आहेत का? पापणी सुजली आहे की फक्त तिच्या कडेला गाठ आहे? कानाच्या पुढे, गालाच्या वरच्या बाजूला बोटाने दाबून बघा; तिथे दुखरी गाठ हाताला लागली तर विषाणूचा संशय बळावतो.

पुढचं काहीही आढळलं तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा: नजर कमी होणं, खोलवर ठणका, उजेड डोळ्यात खुपणं, बुबुळावर डाग, बाहुल्या लहान-मोठ्या असणं, डोळ्यात काही उडाल्यावर किंवा लागल्यावर आलेली लाली, लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा डोळा, नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असणं, आणि पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या डोळ्यातून येणारा कुठलाही स्राव. दिव्याभोवती रंगीत वलयं दिसत असतील आणि डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील, तर तो बहुधा संसर्ग नसून काचबिंदूचा तीव्र झटका असतो. तिथे दिवस नाही, तास मोजायचे.

डोळे येणं: तीन प्रकार, तीन वाटा

सगळ्यात जास्त भेटणारा आजार हाच. पापणीच्या आतून आणि पांढऱ्या भागावरून पसरलेला जो पारदर्शक पडदा असतो, त्याला सूज येते. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा कारण विषाणू असतं, त्यातही अ‍ॅडेनोव्हायरस. आधी एक डोळा बिघडतो, दोन-तीन दिवसांत दुसराही. पाणी सतत वाहतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, बरोबर सर्दी-घसा असतो किंवा नुकताच होऊन गेलेला असतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. लोक औषध बदलतात ते नेमकं याच टप्प्यावर. खरं तर आजार त्याच्या चालीने चाललेला असतो आणि पुढे उतरणार असतो. पूर्ण निवळायला दोन आठवडे, कधी तीन लागतात.

अँटिबायोटिक ड्रॉप्सचा या विषाणूवर काडीचाही परिणाम होत नाही. उपयोगी पडतं ते साधंच: स्वच्छ कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, बंद पापणीवर काही मिनिटं ठेवणं, आणि दिवसातून चार-सहा वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब. काहींच्या बुबुळावर नंतर बारीक ठिपके उमटतात आणि महिना-दोन महिने धूसर दिसतं, दिव्यांचा त्रास होतो. म्हणून लाली गेली पण नजर निवळली नाही, असं झालं तर परत दाखवायचं.

जिवाणूंमुळे डोळे आले असतील तर पाण्याऐवजी दाट पिवळसर किंवा हिरवट पू येतो. सकाळी पापण्या इतक्या चिकटतात की कोमट पाण्याने भिजवल्याशिवाय उघडत नाहीत, आणि पुसल्यावर तासाभरात पुन्हा घाण जमते. लहान मुलांत हा प्रकार जास्त. हाही अनेकदा सात ते दहा दिवसांत आपोआप बरा होतो. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, टोब्रामायसिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या ड्रॉप्सनी तो थोडा लवकर आवरतो. डॉक्टर सहसा पाच ते सात दिवसांचा कोर्स देतात. दोन-तीन दिवसांत उतार पडायलाच हवा. नाही पडला तर निदान चुकतंय असं समजा. फक्त सकाळी पापण्या चिकटल्या म्हणजे जिवाणूच, असा मात्र निष्कर्ष काढू नका. विषाणूच्या डोळ्यांतही चिपडं धरतात.

एक प्रकार मात्र वेगळा. काही तासांत पापण्या टम्म सुजतात आणि पू पुसावा तितका पुन्हा येतो. हा गोनोरियाचा जिवाणू असू शकतो आणि तो धडधाकट बुबुळातही शिरतो. इथे ड्रॉप्स पुरत नाहीत, इंजेक्शन लागतं, आणि जोडीदाराचीही तपासणी करावी लागते.

तिसरा प्रकार म्हणजे अ‍ॅलर्जी. हा संसर्गच नाही, पण गल्लत नेहमी होते. खाज हे तिचं मुख्य लक्षण. दोन्ही डोळे एकदम खाजतात, चोळावेसे वाटतात, तार सुटावी तसा पांढरा चिकट स्राव येतो, सोबत शिंका असतात. ‘दुखतंय की खाजतंय?’ या एका प्रश्नावर निम्मं काम होतं. गार पट्ट्या आणि अ‍ॅलर्जीचे ड्रॉप्स पुरतात. अँटिबायोटिकने काहीच साधत नाही, उलट त्यातल्या संरक्षक द्रव्याने चुरचुर वाढू शकते.

घरात एकाचे आले, सगळ्यांचे येऊ नयेत म्हणून

आजारी माणसाच्या डोळ्यांत बघितल्याने डोळे येत नाहीत. काळा चष्मा लावल्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे कमी जातो, एवढाच त्याचा फायदा. लागण होते ती हातांनी. डोळा पुसलेला हात दाराच्या कडीला लागतो, मोबाइलला लागतो, तिथून दुसऱ्याच्या हाताला आणि त्याच्या डोळ्याला. अ‍ॅडेनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर अनेक दिवस, कधी आठवडेही टिकतो, आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो इतर विषाणूंइतका दबत नाही. त्यामुळे साबण आणि वाहतं पाणी हाच भरवशाचा उपाय.

टॉवेल, उशीचा अभ्रा, नॅपकिन वेगळे ठेवा आणि रोज धुवा. डोळा पुसायला कापसाचा बोळा किंवा टिश्यू घ्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा आणि टाकून द्या. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. काजळ, मस्कारा वगैरे उघडं असलेलं सामान फेकून द्या, हळहळू नका. ड्रॉप्सची बाटली एका माणसाची एकच. दोघांचे डोळे आले असतील तर दोन बाटल्या. पाणी वाहतंय आणि डोळा लाल आहे तोवर लागण होऊ शकते असं धरून शाळा, ऑफिस, पोहण्याचा तलाव टाळावा.

पापणीच्या कडेचे त्रास

रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा तेलग्रंथीत झालेला फोड, बहुधा स्टॅफिलोकॉकस जिवाणूचा. यावर शेक हाच मुख्य उपचार, आणि तो नीट कुणीच करत नाही. दोन मिनिटं कापड लावून ठेवून देणं म्हणजे शेक नव्हे. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचं, बंद पापणीवर ठेवायचं, गार झालं की पुन्हा बुडवायचं, असं सलग दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. चटका बसतोय का ते आधी मनगटावर बघा. शेकाने तेल पातळ होतं, तोंड मोकळं होतं आणि फोड आपला आपण फुटतो. पिळायचा अजिबात नाही. पू आत ढकलला गेला तर सूज पापणीभर पसरते. आठवडा-दोन आठवड्यांत रांजणवाडी जाते. मागे न दुखणारी टणक गाठ राहिली तर तीही शेकाने हळूहळू विरते. महिना उलटूनही ती तशीच असेल, तर डॉक्टर पापणीच्या आतल्या बाजूने छोटा छेद देऊन काढतात. एकाच जागी वारंवार गाठ येत असेल तर, विशेषतः उतारवयात, तपासून घ्या. क्वचित ती साधी गाठ नसते.

पापण्यांच्या कडा कायम लालसर, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखी पापुद्री, सकाळी चुरचुर, हा ब्लेफरायटिस. तो मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. रोज शेक, त्यानंतर बोटाने पापणीच्या कडेकडे हलका मसाज, मग लहान मुलांचा सौम्य शाम्पू भरपूर पाण्यात मिसळून किंवा तयार लिड वाइप्सनी (पापण्या पुसायच्या ओल्या टिश्यूंनी) कडा पुसणं. कंटाळवाणं आहे, पण सोडलं की महिन्याभरात त्रास परत येतो.

बुबुळाचा संसर्ग: इथे हयगय नाही

बुबुळावरचा पारदर्शक थर, म्हणजे कॉर्निया, घड्याळाच्या काचेसारखा असतो. त्याची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. संसर्ग झाला की तिथे पांढरा डाग धरतो. जखम भरली तरी व्रण मागे राहू शकतो, त्यालाच फूल पडणं म्हणतात. व्रण मधोमध असेल तर नजर गेली. म्हणून इथे उपचार किती लवकर सुरू झाला यावर सगळं अवलंबून असतं.

कारण शोधताना डॉक्टर आधी विचारतात, ‘काय झालं होतं?’ उत्तर खरं आणि तपशिलात द्या, कारण औषध त्यावर ठरतं.

लेन्स घालून झोपल्याचं उत्तर आलं तर स्यूडोमोनास या जिवाणूचा संशय येतो. हा एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो. लेन्स नळाच्या पाण्याने धुतली, घालून पोहायला गेलात किंवा अंघोळ केलीत, तर अकँथअमीबा हा पाण्यातला एकपेशीय जीव. यात डोळा जितका दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतो, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतो. झाडाची फांदी, पात, काडी, धान्याचं कूस डोळ्यात गेलं असेल तर बुरशी. हा डाग सुरुवातीला संथ असतो, कडा पिसासारख्या फाटक्या दिसतात आणि चार-पाच दिवस ‘होईल बरं’ म्हणण्यात जातात. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही. ५ टक्के नाटामायसिनचे ड्रॉप्स लागतात, तेही कित्येक आठवडे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत फ्युजेरियम जातीच्या बुरशीवर नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा हे जुनं नाटामायसिनच सरस ठरलं होतं. याची बाटली प्रत्येक वेळी नीट हलवावी लागते, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं.

काहीच लागलेलं नाही, एकच डोळा लाल आहे, उजेड खुपतो आणि असं पूर्वीही झालं होतं, तर हर्पिस सिम्प्लेक्स आठवायला हवा. ओठावर बारीक फोड (ज्याला ‘जर’ म्हणतात) उठवतो तोच हा विषाणू. डॉक्टर डोळ्यात फ्लुरेसीन नावाचा नारिंगी रंग टाकून निळ्या प्रकाशात बघतात, तेव्हा बुबुळावर हिरवी चमकणारी, फांद्या फुटलेली रेघ दिसते. ती दिसली की हर्पिसचा संशय खूपच बळावतो. अ‍ॅसायक्लोव्हिर मलम दिवसातून पाच वेळा किंवा गॅन्सायक्लोव्हिर जेल, कधी सोबत गोळ्या, असा उपचार असतो. विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूत दडून बसतो आणि पुन्हा उठतो. ज्यांना हे वारंवार होतं त्यांना वर्षभर कमी मात्रेत गोळ्या देतात. त्याने पुन्हा उठण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं.

बुबुळावरची जखम मोठी असेल तर डोळा बधिर करून तिचा खरवडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवतात. मग सुरुवातीचे एक-दोन दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. इथे घरच्यांची कसोटी लागते. गजर लावून, वही ठेवून, घातलेल्या प्रत्येक थेंबापुढे खूण करायची. ज्याचा डोळा आहे त्याने एकट्याने हे निभावणं कठीण. ते जमणार नसेल तर दवाखान्यात दाखल होणं बरं. डोळ्यावर पट्टी बांधू नका, आत ओलसर उबेत जंतू वाढतात. बधिर करणारे ड्रॉप्स घरी मागूही नका. ते वारंवार घातले तर दुखणं कळत नाही आणि कॉर्निया झिजत जातो.

थोडक्यात बाकीचे

कपाळाच्या एका बाजूला नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर डोळाही सापडणार असं समजा. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर सर्वाधिक फायदा होतो.

नाकाजवळच्या कोपऱ्यात लाल, दुखरी गाठ म्हणजे अश्रूपिशवीचा संसर्ग. गोळ्यांनी तो दबतो, पण अश्रू नाकात उतरण्याची वाट बंद असेल तर ऑपरेशन करून नाकाकडे नवी वाट करावी लागते. तान्ह्या बाळाचा एक डोळा लाल नसताना सतत पाणावत असेल तर बहुधा ही वाट अजून उघडलेली नसते. कोपऱ्यावर हलका मसाज कसा द्यायचा ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. बहुतेक बाळांत वर्षाच्या आत ती उघडते.

पापणी सुजलेली आणि ताप, एवढंच असेल तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीबाहेर असू शकतो. पण डोळा पुढे आलाय, हलवताना दुखतोय, एकाचे दोन दिसतायत, तर तो खोबणीत शिरलाय. मुलांत हा बऱ्याचदा सायनसमधून येतो. शिरेतून अँटिबायोटिक आणि सीटी स्कॅन, तोही तातडीने.

थेंब घालायची रीत

औषध बरोबर असूनही गुण येत नाही, याचं कारण अनेकदा ते डोळ्यात जातच नाही हे असतं.

१. हात साबणाने धुवा. बाटलीवरचं नाव आणि तारीख वाचा. ‘हलवून वापरा’ लिहिलं असेल तर हलवा.
२. मान मागे टाका किंवा आडवे व्हा. खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा आणि वर बघा.
३. बाटलीचं तोंड कशालाही लागू न देता त्या खिशात एकच थेंब सोडा. दुसरा थेंब गालावरच ओघळतो.
४. डोळा हलकेच मिटा, मिचकावू नका. नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. औषध घशात उतरत नाही.
५. दुसरं औषध पाच मिनिटांनी. मलम असेल तर सर्वांत शेवटी.

लहान मूल डोळा उघडूच देत नसेल तर त्याला आडवं निजवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि मग उघडायला सांगा. थेंब आपोआप आत जातो. बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी, आणि संसर्ग बरा झाला की त्याआधीही, टाकून द्यायची. उघडलेल्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवा.

बाटलीवरचं नाव वाचायला शिका

डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल. या नावांपैकी एकही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. बऱ्याच ड्रॉप्समध्ये अँटिबायोटिकच्या जोडीने तेही असतं आणि छोट्या अक्षरांत छापलेलं असतं. स्टिरॉइडने लाली झटकन उतरते, म्हणून ते ‘लागू पडलं’ असं वाटतं. पण हर्पिस किंवा बुरशी असेल तर आत संसर्ग मोकाट सुटतो. संसर्ग नसतानाही मनाने महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि मोतीबिंदूही. नेत्रतज्ज्ञ स्टिरॉइड वापरतात, आणि योग्य जागी त्याने नजर वाचतेही. फक्त ते आधी बुबुळ तपासतात आणि मग हळूहळू मात्रा उतरवतात. अचानक बंद केलं तरी दाह उसळतो, त्यामुळे त्यांनी दिलेलं असेल तर मनाने थांबवूही नका. झाडपाल्याचा किंवा स्वयंपाकघरातला कुठलाही रस डोळ्यात घालू नका. त्यात काय जंतू आहेत ते कुणालाच माहीत नसतं.

लेन्स पुन्हा केव्हा घालायची हेही डॉक्टरांनाच विचारा. सर्वसाधारणपणे लाली आणि स्राव पूर्ण थांबल्यावर, औषध संपल्यावर, आणि नवी जोडी नव्या डबीत घेऊन. तपासणीला जाताना चष्मा लावून जा, आणि आतापर्यंत जे काही डोळ्यात घातलंय त्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, लाज वाटली तरी.